जांभळ्या तिकिटाची जागा

॥ श्री ॥
दि. ४ जानेवारी

चि. भावजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल परवा पोचलं. आत निघालं ते असं: हातभिंग एक, चपट्या टोकाचा चिमटा एक, तिकिटं चिकटवायच्या पातळ कागदी पट्ट्यांची पाकिटं दोन आणि टिपकागदाचे ताव. भिंगाचे पंचेचाळीस, चिमट्याचे बारा, पट्ट्यांचे आठ तुम्ही लिहिलेत. टिपकागदाचे लिहिले नाहीत, ते मी चार धरले. तुम्ही पार्सलला तिकीट कमी लावलं होतं म्हणून पोस्टमननं माझ्याकडून दंडासकट तीन घेतले, ते वजा करून सहासष्टची मनिऑर्डर केली आहे. ज्या घरात टपाल तिकिटांचे ढीग पडलेत, त्याच घरात तिकीट कमी लावलेलं पार्सल यावं, याला काय म्हणावं!

ह्यांना मी सांगितलं, दुकानातून मागवलं. देवापुढे बसले तेव्हा त्या खोट्याची वेगळी क्षमा मागून घेतली. तुमचं नाव या घरात अजून काढता येत नाही.

आता प्रकृतीचं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. डॉक्टर ह्यांच्यासमोर "बघू या" म्हणतात आणि जिन्यात मला "मुलांना बोलावून घ्या" म्हणतात. थोरला मुलगा आला आहे. पाय सुजलेत, नजर अंधूक झाली आहे. पण सकाळ झाली की अल्बम हवाच. जन्मभर ही रद्दी झटकून झटकून माझे हात दुखले, आणि आता मीच ह्यांची मदतनीस. पाकिटांचे कापलेले तुकडे कोमट पाण्याच्या परातीत सोडायचे, तिकीट आपणहून सुटू द्यायचं, ओढायचं नाही, मग टिपकागदावर उपडं घालायचं. कडेचे दाते पट्टीवर मोजायचे. उजेडासमोर धरून कागदातलं जलचिन्ह बघायचं. परवा एक दाता मोडलेला मी ह्यांच्याआधी ओळखला तर म्हणाले, "आमटीत मीठ नाही हे कळत नाही, आणि दाता बरोबर दिसतो!" मीठ डॉक्टरांनी बंद केलंय.

मामंजींचं पहिलं पान उघडलं की मात्र सगळं थांबतं. त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "जांभळं." मला आता त्याची सगळी कुंडली पाठ झाली आहे. लोक शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा लावायचे, म्हणून त्याची शाई मुद्दाम कच्ची ठेवली होती. पाण्यात पडलं की परातभर जांभळं पाणी आणि हातात कोरा कागद. पुढे हौशी लोकांसाठी त्याच ठशावरून पुन्हा छापली, ती पक्क्या शाईत. दोन्ही शेजारी ठेवली तर जुळी भावंडं. खरं असेल ते कधी पाण्यात घालायचं नाही, पाकिटाच्या तुकड्यासकटच लावायचं. मामंजींचं खरं होतं. ते टपाल वर्गीकरणात होते, त्यांना कुणी फसवणार नाही.

भावजी, ते तिकीट चोरल्याचा तुमच्यावर आळ आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि बाहेर आले नाही. मी खरं-खोटं विचारत नाही. पण तुमच्याजवळ असेल तर पाठवा. ते त्या चौकोनात बघितल्याशिवाय ह्यांचा जीव सुखानं जायचा नाही.

वहिनी


दि. ११ जानेवारी

ती. सौ. वहिनींस सा. न.

मनिऑर्डर मिळाली. टिपकागद दुकानातलाच होता, त्याचे पैसे नव्हतेच. आता परत पाठवले तर तुम्ही पुन्हा पाठवाल, म्हणून ठेवून घेतो. तिकीट कमी लागलं हे खरं. पुस्तकं बांधणाऱ्याला कागदाचं वजन हातावर कळतं असा माझा समज होता.

वहिनी, तुम्ही बाहेर आला नाहीत ते बरंच झालं. बाबांना जाऊन तेव्हा चार दिवस झाले असतील. दादानं अल्बम उघडला, पान बघितलं आणि मला उभं केलं. काका, आत्या, शेजारचे मास्तर, सगळे बसलेले. त्यानं माझ्या सदऱ्याचे खिसे उलटे केले, मग विजारीचे. नंतर माझी पेटी जमिनीवर ओतली. पेटीत काय असणार? दोन पातळ झालेले बनियन आणि एक फाटका पंचा. आत्या हसली. दादा आयुष्यभर हिशेब तपासत आला. एवढा एकच त्यानं न तपासता बंद केला.

मी ते तिकीट घेतलं नाही. कुठं गेलं, मला माहीत नाही. बाबांनी कुणाला दिलं असेल, घर बदलताना सांडलं असेल. मीही कित्येक वर्षं रद्दीवाल्यांकडे शोधत राहिलो, सापडलं तर तोंडावर फेकीन म्हणून. पुढे नुसताच शोधत राहिलो. राग कधी उतरला ते कळलं नाही.

तिकीट नाही, पण मी आहे. त्याला विचारा, मी येऊ का? दारातून बघून जाईन. एक शब्द बोलणार नाही.

आपला,
धाकटा


॥ श्री ॥
दि. २० जानेवारी

चि. भावजी यांस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. थोरला घरी होता म्हणून कांदा चिरायला घेतला.

ह्यांना विचारलं. आधी तुम्हाला पत्र लिहिते हे कबूल करावं लागलं. वाटलं होतं ओरडतील. ओरडायची ताकद राहिली नाही. डोळे मिटले. मग म्हणाले, "तिकीट घेऊन ये म्हणावं. रिकाम्या हातानं येऊ नको."

मी म्हटलं, "अहो, त्यांनी घेतलंच नाही म्हणतात."

"तेच म्हणणार. तेव्हाही तेच म्हणाला. अगं, त्यानं घेतलं याचं मला काही नाही. पोरगा होता, मोह झाला असेल. पण एकदा म्हणायचं होतं, दादा, मी घेतलं, चुकलो. त्याच क्षणी पोटाशी धरला असता त्याला." हे म्हणताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी बघितलं.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे विचारलं, आणि झालं ते जसंच्या तसं कळवलं. यापुढे काय करावं मला सुचत नाही. नाम घेते आहे. सूज आता हातांवर आली आहे. अंगठी कापून काढावी लागली.

वहिनी


दि. ६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

सोबत बाबांचं जांभळं तिकीट पाठवत आहे. ते मीच घेतलं होतं. बाबा गेले त्याच दिवशी काढलं आणि बुटाच्या आतल्या तळाखाली ठेवलं. तू खिसे बघितलेस, पेटी बघितलीस, बूट बघितले नाहीस. सगळ्यांसमोर कबूल व्हायची लाज वाटली आणि मग लाजेचीच सवय झाली.

पाकिटाच्या तुकड्यासकट जपलं आहे. आता त्याच्या जागेवर लाव.

दादा, मी चुकलो. मला क्षमा कर, आणि म्हणशील तेव्हा येतो. सामान बांधून ठेवलं आहे.

तुझा,
धाकटा


दि. १२ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. मला पेन धरवत नाही म्हणून ही लिहीत आहे. शब्द माझे आहेत.

सबंध आयुष्य मी एका प्रश्नावर घालवलं. रात्री जाग आली की वाटायचं, आपलं चुकलं तर नसेल? त्यानं घेतलं नसलं तर? सगळ्यांसमोर त्याची पेटी ओतली, त्याचं काय? या एका शंकेनं मी झिजलो आणि तू तिकडे बुटात तिकीट घालून हिंडत होतास. तुला एक ओळ लिहायला एवढी वर्षं लागली? मी मरायला टेकल्यावर?

क्षमा करीन असं मी म्हणालो होतो, हे खरं. तेव्हा तू घेतलं असशील याची मला खात्री नव्हती. आता आहे.

येऊ नको. मी असेपर्यंत येऊ नको आणि गेल्यावरही या उंबऱ्याला पाय लावू नको. थोरल्याला तसं सांगून ठेवलं आहे. तिकीट ठेवून घेतो. ते बाबांचं आहे.

(भावजी, मी दोनदा पेन खाली ठेवलं. दोन्ही वेळा म्हणाले, "लिही." मनाचं एक अक्षर घातलेलं नाही. वहिनी)


॥ श्री ॥
दि. १४ फेब्रुवारी

चि. भावजी यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या नकळत आहे. तुम्ही एकट्यानंच वाचा.

परवाचं ते पत्र पेटीत टाकून आले. ह्यांनी तिकीट नुसतं तळहातावर घेतलं होतं. भिंग मागितलं नाही, उजेडासमोर धरलं नाही. तुमची कबुली पुरली त्यांना. "लाव जागेवर," म्हणाले आणि ग्लानीत गेले. मी स्वयंपाकघरात परात घेऊन बसले. आदल्या दिवशीचे पाच-सहा तुकडे भिजत होते. डोक्यात तुमचंच चाललेलं, सामान बांधून बसलेला माणूस डोळ्यांपुढून हलेना. हाताला सवय झालेली, जे कागदावर चिकटलेलं ते पाण्यात सोडायचं. सोडलं. आणि सोडल्यावर आठवलं.

चिमटा सापडेना, नुसत्या बोटांनी परातीत शोधायला लागले. वाटलं, झालं, ह्यांच्या वडिलांची शेवटची खूण मी धुऊन टाकली.

भावजी, पाणी तसंच होतं. स्वच्छ. परातीच्या तळाचे चरे दिसत होते. तिकीट पाकिटाच्या तुकड्यापासून सुटून वर आलं, आणि जांभळं ते जांभळंच. मी ते टिपकागदावर उपडं घातलं, दाबलं. कागदावर डाग नाही.

मी मॅट्रिक झालेली बाई आहे, तुमच्यासारखं मला कागदातलं कळत नाही. पण एवढं कळतं. हे मामंजींचं तिकीट नाही. तुम्ही हे कुठून आणलंत? आणि ती बुटाची गोष्ट का लिहिलीत?

मला खरं कळवा. ह्यांच्याकडे आता दिवस नाहीत.

वहिनी


दि. १९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस सा. न.

ज्याची परीक्षा दादानं घ्यायला हवी होती, ती तुमच्या परातीनं घेतली.

इथं एक जुना तिकीटवाला आहे, त्याच्या पुस्तकांचं बांधकाम मी करतो. त्याच्याकडून आणलं. त्यानं लपवलं नाही. "नंतरच्या छपाईचं आहे, कुणीतरी जुन्या पाकिटाच्या तुकड्यावर चिकटवून वर शिक्का रंगवलाय, शोभेला घ्या," म्हणाला. मी म्हटलं, शोभेलाच हवंय. दादाला नीट दिसत नाही असं तुम्ही लिहिलं होतं, त्यावर भिस्त ठेवली.

तुम्हीच कळवलंत ना, कबूल झाला असता तर पोटाशी धरला असता. मला वाटलं, एवढंच असेल तर होऊ की कबूल. या वयात चोर ठरून माझं काय जाणार आहे? बायको नाही, पोरं नाहीत, लाजायला कुणी नाही. दोन दिवस त्याच्या उशाशी बसायला मिळालं असतं. बुटाची गोष्ट रचताना मला हसूसुद्धा आलं. त्याचा असा फटका बसेल हे ध्यानात आलं नाही. मी त्याच्या रागाचा हिशेब केला होता, त्याच्या शंकेचा केला नव्हता.

आता माझं ऐका. त्याला काही सांगू नका. पाया पडतो. आज त्याला वाटतंय, आपण बरोबर होतो. तसाच जाऊ दे. खरं कळलं तर तो काय घेऊन जाईल? पेटी ओतली ते, आत्या हसली ते, आणि परवाचं पत्र. एवढं ओझं मरणाऱ्या माणसाच्या छातीवर ठेवू नका. मी आळ घेऊन जगायला शिकलोय, मला तो जड नाही.

तिकीट चौकोनात लावून टाका.

धाकटा


॥ श्री ॥
दि. २१ मार्च

भावजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

हे गेले. दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी. त्याच दिवशी थोरल्याच्या नकळत मी तुम्हाला तार केली होती. उत्तर आलं नाही, तुम्हीही आला नाहीत. मग पत्र टाकलं, त्याचंही उत्तर नाही. हे तिसरं.

तुमचं म्हणणं मी पाळू शकले नाही, ते तुम्हाला कळलं पाहिजे. आठवडाभर मी देवापुढे बसत होते आणि काही ठरत नव्हतं. एक वाटायचं, तुमचं बरोबर आहे, शांत जाऊ दे. मग वाटायचं, निरपराध भावाला शिव्याशाप देत हा माणूस देवाच्या दारात उभा राहणार, आणि मला सगळं ठाऊक असून मी गप्प बसणार? माझं ठरायच्या आत ह्यांनीच अल्बम मागितला. त्या दिवशी जरा हुशारी होती. थोरल्यानं पाठीला उशा लावून बसवलं आणि तो औषध आणायला गेला. मी पान उघडून पुढे धरलं.

चौकोनातल्या तिकिटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुकडा कुठाय?"

"सुटला. चुकून पाण्यात घातलं मी."

बोट तिथंच थांबलं. "पाणी?"

"स्वच्छ राहिलं," मी म्हटलं.

भिंग मागितलं. तेच, तुम्ही पाठवलेलं. हात सुजलेले, म्हणून भिंग मी धरलं. डोळा अगदी टेकवून बघितलं. दाते बघितले, मला खिडकीसमोर धरायला लावून कागद बघितला, उलटं करून मागची बाजू बघितली. भावजी, तुमच्या दादांनी त्या दिवशी ते तिकीट तपासलं, जसं त्यांनी ते पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. मग म्हणाले, "अस्सल आहे."

"अहो, तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"मी सांगतोय ना, अस्सल आहे. जुनी शाई पक्की होते कधी कधी. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी म्हटलं, "भावजींनी विकत आणलंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्यांनी काही घेतलेलं नाही." एवढं बोलून टाकलंच मी.

माझ्याकडे बघितलं नाही. "गप्प बस," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला तर झटकला.

उभ्या आयुष्यात ह्यांनी खोट्या तिकिटाला खरं म्हटलं नव्हतं. एकदा साहेबांचं तिकीट नकली आहे असं त्यांच्याच घरी जेवताना सांगितलं आणि बढती घालवली. त्या माणसानं हे म्हटलं, तेव्हा मला कळलं की ह्यांना सगळं कळलं आहे. त्यानंतर अल्बम मागितला नाही. दूधही नको म्हणाले. शेवटच्या दिवशी थोरल्याला जवळ बोलावून पुन्हा सांगितलं, "त्याला कळवू नका." थोरल्याला वाटलं राग अजून गेला नाही. मला तसं वाटत नाही. आधी तुम्ही यायला नको होतात ते रागानं. नंतर तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

शेवटी त्यांनी तुमचं नाव घेतलं, असं लिहिलं असतं तर तुम्हाला जरा बरं वाटलं असतं. घेतलं नाही. क्षमाही मागितली नाही. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं या घराला किती महागात पडलं ते मी बघितलं आहे. मी त्यात भर घालणार नाही.

थोरल्याला मी सगळं सांगितलं. तुमची पत्रं वाचायला दिली. वाचून तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. संध्याकाळी म्हणाला, "आई, काकांना लिही, मी न्यायला येतो." तर आता या उंबऱ्यावर तुम्हाला अडवणारं कुणी नाही. कुणी राहिलंच नाही.

आता तुम्ही मला खरं कळवा. तार पोचली का? पोचली असून आला नसाल तर त्या पत्रातल्या शब्दांमुळे आला नाहीत का? ते शब्द माझ्या अक्षरात होते, म्हणून माझ्यावरही राग असेल. असेल तर राग लिहा, मी वाचीन. की आजारी आहात? तुमच्या दुकानाच्या मालकाला विचारायचं तर त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. पोस्टमन रोज समोरच्या घराला टपाल देतो आणि आमच्या दाराकडे न बघता पुढे जातो. मी त्याला हाक मारून विचारते, तो मान हलवतो. काल त्यानं आमची गल्लीच टाळली.

यायला जमत नसेल तर येऊ नका. चार ओळी लिहायला जमत नसतील तर एकच लिहा, कुणाकडून तरी लिहवून घ्या. फक्त तुम्ही आहात एवढं मला कळू द्या. उलट टपाली कळवा, भावजी.

वहिनी